चालतं छप्पर आणि जावईबापू

लोणार बघायला म्हणून निघाले होते आणि लोणार न बघताच परत आले. सरोवराच्या फोटोंसाठी ज्यांनी हे पान उघडलंय त्यांची आधीच माफी मागते, फोटो नाहीत. त्याऐवजी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावात एक अख्खं पत्र्याचं छप्पर पायी चालत नव्या जागी गेलं, त्याची हकिगत आहे. त्या छपराखाली काही अंतर मीही होते, हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण मला ते पोटात ठेवणं जमणार नाही.

नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, मी एकटी फिरते. नाशिकला घरी ब्लाउज शिवते, तेही एकटीच. ग्रुपने सहल म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. एकाला चहा हवा, दुसऱ्याला बाथरूम, तिसऱ्याचा चार्जर हॉटेलात राहिलेला, आणि चौथी बाई रुसलेली, का ते तिलाही माहीत नाही. एकटं असलं की भूक लागली की जेवायचं, कंटाळा आला की उठायचं. ना रुसवा ना फुगवा. तुम्हाला काय करायचं ते करा, माझं हे असं आहे.

तर वंदना. हिची माझी ओळख नाशिकच्या एका प्रदर्शनातली. बचत गटांचे स्टॉल होते, तिथे तिच्याकडून मी काळा मसाला घेतला. असा मसाला की वांग्याच्या भाजीला शेजारणीने दारातून विचारलं, आज काय केलंय म्हणून. मग फोनवर मसाला मागवणं सुरू झालं आणि मसाल्याबरोबर गप्पाही. लोणारला जातेय म्हटल्यावर ती म्हणाली, "ताई, मंग आमच्या इकडून जा ना. आमचं छप्पर हलवाचं हाय. पाह्यासारखं असते ते."

"हलवायचं म्हणजे?"

"म्हणजे उचलाचं आन न्याचं. गाव मिळून."

मला वाटलं ही चेष्टा करतेय. तिकीट मात्र काढलं.

पहिला दिवस

नाशिकरोडहून रेल्वेने नांदुरा. इथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत, तेव्हा तिकीट काढताना बघून घ्या, नाहीतर शेगावपर्यंत जाऊन उलटं यावं लागेल. डिसेंबर होता. भुसावळच्या पुढे खिडकीबाहेर कापसाची शेतं सुरू झाली, वेचणी बरीचशी उरकलेली, तरी पळाटीवर, म्हणजे वेचून झालेल्या कापसाच्या झाडांवर, कुठे कुठे पांढरं अडकून राहिलेलं. नांदुऱ्याला उतरून स्टँडवर पोहे खाल्ले. इकडे पोह्यांवर तर्री घालतात, लाल आणि झणझणीत. "कमी घाला" म्हटलं तर गाडीवाल्याने माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

नांदुऱ्याहून एसटीने बुलढाणा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे बसमध्ये बायाच बाया. मोताळ्याच्या पुढे राजूर घाट लागतो. घाट छोटा, पण वळणं घट्ट आहेत, पोहे खाल्लेल्यांनी पुढच्या सीटवर बसावं. वर आलं की हवा एकदम बदलते. खालचं ऊन खालीच राहतं आणि बुलढाण्यात उतरताना स्वेटर शोधावा लागतो.

वंदनाचं गाव धाडच्या रस्त्यावरून आत फुटतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माणसांची नावंही बदललीत. या हकिगतीत एक जावई आहेत आणि त्यांना फोनवर सगळं वाचायची सवय आहे.

धाडकडे जायला जीप बरी. ड्रायव्हर ओरडत होता, "चला धाड, धाड, धाड!" मी विचारलं, "कधी निघणार?"

"भरली का निंगू."

"भरलीय की. पाय ठेवायला जागा नाही."

"ताई, हे काय भरणं हाय?" असं म्हणून त्याने अजून चौघांना आत घेतलं, आणि खरंच सगळे मावले. एका आजीबाईंनी पालकाची जुडी माझ्या मांडीवर ठेवली ती उतरेपर्यंत. विचारलंसुद्धा नाही. माझी मांडी म्हणजे जीपचाच भाग होता.

वंदना फाट्यावर उभी होती. चाळिशीची, उंच, आवाज असा की तिने "ताई" म्हणून हाक मारली तेव्हा रस्त्यापलीकडच्या दोन म्हशींनीही माना वर केल्या. सासर आणि माहेर एकाच गावात, त्यामुळे गावातल्या निम्म्या लोकांची ती सून आणि निम्म्यांची लेक. घरी गेल्यावर चहा झाला आणि ती मला छप्पर दाखवायला घेऊन गेली.

लोखंडी अँगलचा सांगाडा, वर पत्रे, चांगली मोठी खोली होईल एवढं. त्याखाली मसाला कांडायचं यंत्र. दहा बायांचा गट आहे. जागा एका शेतकऱ्याची होती. त्याला आता तिथे मुलासाठी घर बांधायचंय. भला माणूस, वर्षभर थांबला. ग्रामपंचायतीने विहिरीच्या पलीकडे दुसरी जागा दिली. यंत्र बैलगाडीतून आधीच गेलं होतं, राहिलं होतं छप्पर.

"मग वेल्डर बोलवून कापायचं, नेऊन परत जोडायचं," मी म्हटलं.

वंदनाने खांबाच्या बुडाची माती पायाने उकरली. मग म्हणाली, "कमलाबाई बी हेच म्हणते."

आणि मग खरी गोष्ट कळली. कमलाबाई म्हणजे गटातली वयाने मोठी बाई. मसाला भाजायचं काम तिचं. कुठला जिन्नस कधी उतरवायचा हे ती वासावर ठरवते, आणि माझ्या शेजारणीने दारातून जे विचारलं ते तिच्यामुळे. तिचं म्हणणं, छप्पर कापून न्या. वंदनाचं म्हणणं, कापलेले पत्रे पुन्हा बसवले की भोकं मोठी होतात, पावसाळ्यात मसाल्यावर गळतं. गावाने आजवर गोठे उचललेत, मांडव उचललेत, हेही उचलेल. यावरून बैठकीत भांडण झालं. वंदनाचं चाललं. कमलाबाई उठून गेली ती परत आलीच नाही. तिच्या मागोमाग तिच्या गल्लीतल्या तिघीही यायच्या थांबल्या.

"उद्या छप्पर नीट गेलं तर मी जाऊन तिले हात धरून आणीन," वंदना म्हणाली. "आन मोडलं तर कोणत्या तोंडानं जाऊ? तिच्याबिगर मसाला होते काय? लाल पूड होते नुसती. गट मोडलाच समजा."

मी मनात म्हटलं, म्हणूनच मी एकटी शिवते बाई. तोंडाने म्हटलं, होईल सगळं नीट. रात्री ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा जेवले. वंदना जेवली नाही.

दुसरा दिवस

सकाळी तयार होऊन जागेवर गेलो तर तिथे म्हातारी माणसं, गटातल्या राहिलेल्या बाया आणि दोन कुत्री. बाकी गाव गायब!

काय झालं होतं? त्या दिवशी धाडचा बाजार. बाजाराच्या दिवशी शेतात कोणी जात नाही, माणसं मोकळी असतात, म्हणून सगळ्यांनी मिळून तो दिवस ठरवलेला. आणि माणसं मोकळी असतात ती बाजाराला जातात, हे ठरवणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. प्रत्येकाला वाटलं, मी जाऊन येतो पटकन, बाकीचे आहेतच. बाकीचे म्हणजे कोण, तर तेही धाडच्या बाजारात एकमेकांना भेटून "अरे, तू गावात नाही थांबला?" असं विचारत असणार.

मी हसू दाबत होते. वंदनाला हसू येत नव्हतं. तिने फोन काढला आणि पहिल्याच माणसाला असं झापलं की फोन नसता तरी धाडपर्यंत ऐकू गेलं असतं. "काऊन रे, मेथी घ्याले गेला काय? इथं छप्पर तुह्या बापानं उचलाचं काय?" पुढे सगळे एका जीपमध्ये कोंबून आले. भाजीच्या पिशव्या बाभळीच्या फांद्यांना टांगल्या आणि बाह्या वर केल्या. एवढ्या पिशव्या लटकलेलं झाड मी पहिल्यांदा पाहिलं.

तयारी बघण्यासारखी होती, हे मान्य करते. खांब छपराबरोबरच जाणार होते, ते आधीच उकरून मोकळे केलेले. छपराच्या खालून आडव्या बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, खांबांना दोरांनी आवळून बांधल्या. त्या बल्ल्या खांद्यावर घ्यायच्या आणि चालायचं. उंच माणसं एका बाजूला, बुटकी दुसऱ्या बाजूला अशी वाटणी केली तर छप्पर कलतं, म्हणून एक उंच एक बुटका असं लावलं, आणि बुटक्यांच्या खांद्यावर पोत्याच्या घड्या. माणसं कमी पडत होती म्हणून बायाही लागल्या. मग एका म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. शामरावबाबा त्यांचं नाव. पागोटं, डोळ्यांवर जाड चष्मा.

"तुमी काय पाहूनच राह्यल्या? या अंदर."

"मी? बाबा, मी पाहुणी."

"पाहुणीले खांदा नसते काय?"

गेले आत. पोत्याची घडी मिळाली, त्यावरून मी कुणात मोडते ते कळलं.

आता जावईबापू. वंदनाच्या मोठ्या बहिणीचे यजमान सुधाकरराव, संभाजीनगरला ट्रक चालवतात, बायकोला घेऊन दोन दिवस आले होते. गावात जावई असला की नारळ त्याच्या हातून फुटतो, तसा तो फुटला. इथवर सगळं रीतीप्रमाणे. पण नारळ फोडून जावईबापू बाजूला व्हायचे ते झाले नाहीत. हातातली करवंटी खाली ठेवली, छपरासमोर येऊन आमच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि दोन्ही हात उंचावून म्हणाले, "चला, उचला! मी सांगतो तसं येऊ द्या!"

हाक देणं, म्हणजे कुठे वळायचं ते ओरडून सांगणं, हे खरं तर ठरलेल्या माणसाचं काम. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. पण जावयाला "तुम्ही नका" असं कोण म्हणणार? इकडे जावई म्हणजे घरचा देव. सासऱ्याने मान खाली घातली, मेहुणा आभाळ बघू लागला.

"गजानन महाराज की जय!" म्हणून उचललं. आई गं! खांद्यावर काहीतरी जिवंत चढल्यासारखं वाटलं. अख्खं छप्पर जमिनीपासून सुटलं, कुरकुरलं आणि आमच्यासकट निघालं. पहिली काही पावलं इतकी सुंदर पडली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत. उजेड बल्ल्यांच्या मधून येत होता, सगळ्यांचे पाय एकदम उठत होते आणि कुणी बोलत नव्हतं.

मग मला शंका आली. मी हळूच शेजारी शामरावबाबांना म्हटलं, "बाबा, मला वजनच लागत नाहीये."

"मंग कोणाले तरी तुमचं लागून राह्यलं असंन," बाबा म्हणाले.

मी शरमेने पाठ ताठ केली. लगेच वजन आलं, आणि मागून कुणीतरी "हां, आता बरं" असं म्हणालं. कोण ते मला अजून माहीत नाही.

मारुतीच्या देवळापाशी वळण होतं. एका बाजूला देऊळ, दुसऱ्या बाजूला विहिरीकडे जाणारा उतार, आणि समोर, असावं कुठे तर नेमकं तिथेच, कमलाबाईचं घर. ती ओट्यावर हाताची घडी घालून बसली होती. जावईबापू आमच्यापुढे उलटे चालत होते आणि ट्रक मागे घेताना क्लीनर ओरडतो तसं ओरडत होते. "येऊ द्या, येऊ द्या! आता उजवी मारा! उजवी, उजवी!"

त्यांची उजवी म्हणजे आमची डावी. ते आमच्याकडे तोंड करून उभे ना! पुढच्यांनी त्यांचे हात बघितले आणि तिकडे वळले, मागच्यांनी शब्द ऐकला आणि ते आपल्या उजवीकडे वळले. "अरे उजवी म्हणतो ना!" असं ते अजून जोराने ओरडले, तसे पुढचे आणि मागचे अजून इमानाने आपापल्या समजुतीतल्या उजवीला गेले. छप्पर मधोमध पिळलं. कट्ट करून आवाज झाला. एका कोपऱ्याचं वेल्डिंग सुटलं.

"ठेवा! ठेवा खाली!" कुणीतरी ओरडलं. ठेवलं.

सगळे धापा टाकत होते. वंदनाचा चेहरा पांढरा पडला होता. ओट्यावरून कमलाबाईचा आवाज आला, फार मोठा नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मी म्हणत होती ना, कापून न्या म्हणून."

वंदनाने सुटलेला कोपरा हाताने चाचपला. तेवढ्यात जावईबापू घाम पुसत म्हणाले, "ह्यांना कोणाला उजवं-डावं समजत नाही! चला, परत उचला, मी सांगतो."

काय सांगू तुम्हाला, माझ्या जिभेवर आलं होतं. त्याच क्षणी वंदनाच्या बहिणीकडे नजर गेली. ती बिचारी पदराचं टोक चावत उभी होती. नवऱ्याचा चारचौघांत अपमान झाला तर पुढचे सहा महिने तिने ऐकायचं. आणि नाही झाला तर धाकट्या बहिणीचं छप्पर मोडायचं. जावई चुकतोय हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं आणि एकही जण तोंड उघडत नव्हता. मी चिडले होते. एकत्र कामाची हीच तर गंमत, म्हटलं, सगळ्यांना ठाऊक आणि बोलायचं कुणीच नाही.

पण वंदना धाकटी मेहुणी होती. आणि मेहुणीला जावयाची थट्टा करायचा हक्क असतो.

तिने पदर खोचला, चेहऱ्यावर हसू आणलं, कुठून आणलं ती जाणे, आणि म्हणाली, "ओ भाऊजी! तुमाले आमच्या गावाचा रिवाज ठावका नाही काय? जावयाचं काम अजून बाकी हाय!"

"कोणतं?"

"नव्या जागी जावयाच्या हातचा दिवा लागल्याबिगर छप्पर टेकवाचं नसते. छपराच्या पुढं दिवा चालला पाह्यजे. आन तो इझला तर अपशकुन. तुमी इथं हाका मारत बसान तर दिवा कोण नेईन? आक्का नेईन काय एकटी?"

जावईबापूंनी सासऱ्याकडे बघितलं. सासरे गंभीरपणे म्हणाले, "हाव. तसंच असते." मेहुण्याने मान डोलावली. मागच्या रांगेतून कुणी म्हणालं, "मांगच्या वेळी दिवा नव्हता तं गोठा कलला होता." दुसऱ्याने लगेच जोडलं, "बैल बी आजारी पडला होता." एका आजीने तर दोन्ही हात जोडले. बघता बघता थाळी आली, निरांजन आलं, वात आली, आणि जावईबापू दोन्ही तळव्यांनी वाऱ्यापासून ज्योत झाकत, आमच्याकडे पाठ करून, बायकोबरोबर हळूहळू पुढे चालू लागले.

मी शामरावबाबांना विचारलं, "बाबा, किती जुना रिवाज आहे हा?"

बाबांनी चष्मा पुसला. "आत्ताच सुरू झाला," ते म्हणाले. "पण चांगला हाय."

मला सांगा, ही अशी गोष्ट कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात? कुणी डोळा मारला नाही, कुणी कुणाच्या कानात सांगितलं नाही. वंदनाने एक थाप मारली आणि सगळ्या गावाने ती एका दमात उचलली, छपरापेक्षा हलक्या हाताने. सकाळी बाजाराच्या नादात एकमेकांना विसरलेली हीच माणसं!

सुटलेला कोपरा दोराने करकचून बांधला. वंदना बल्ल्यांच्या मधे शिरली, आम्ही जिकडे तोंड करून होतो तिकडेच तोंड करून उभी राहिली आणि तिने हाक दिली. उजवी-डावी नाहीच. "मारुतीकडे घ्या...!" आणि सगळे मारुतीकडे. "आता विहिरीकडे...! थोडं, थोडं, अजून विहिरीकडे...!" त्या गावात उजवं कुठे यावर दोन मतं होऊ शकतात, विहीर कुठे यावर नाही. म्हशींना वळवणारा तो आवाज पत्र्यावर आदळून आमच्या डोक्यात शिरत होता आणि पाय आपोआप पडत होते. छप्पर देवळाला न घासता वळलं, कमलाबाईच्या ओट्यापासून हातभर अंतर राखून पुढे गेलं. कमलाबाईने पाय वर घेतले, बाकी हलली नाही.

नव्या जागी पोचलो तेव्हा जावईबापू थाळी घेऊन उभे होते. वाऱ्याला पाठ, ज्योत छातीशी, घामाने शर्ट भिजलेला. एवढ्या वाटेत त्यांनी दिवा विझू दिला नव्हता. मला त्यांचाही अभिमान वाटला, हे प्रामाणिकपणे लिहिते. दिवा ठेवला, खांब खड्ड्यांत बसले, आणि टाळ्या, शिट्ट्या, कुत्र्यांचं भुंकणं सगळं एकदम सुरू झालं. माझा खांदा सोलवटला होता आणि मी वेड्यासारखी हसत होते.

जेवणाला रोडगे. वऱ्हाडात येऊन रोडगे न खाता गेलात तर आलातच कशाला? कणकेचे थरावर थर देऊन केलेले गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले, फोडून तुपात चुरायचे, वर वरण आणि वांग्याची भाजी. बाया मळत होत्या, पुरुष विस्तव सांभाळत होते, आणि कुठला रोडगा उलटायचा यावर पाच जणांची सहा मतं होती. पंगतीत जावईबापू मला म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे हा दिव्याचा रिवाज नाही. पण असायला पाहिजे. माणसाचं लक्ष राहतं." आजूबाजूचे सगळे वरणाकडे बघत जेवत होते.

वंदनाने एक ताट वाढून कमलाबाईकडे पाठवलं. मग स्वतःच गेली. मी लांबून बघत होते. कमलाबाईने ताट घेतलं, आत नेऊन ठेवलं आणि दार लोटून घेतलं. वंदना परत आली.

"काय म्हणाली?"

"काही नाही. वेल्डिंग तुटलंच ना, एवढंच म्हणे." मग ती ओठ चावून रडायला लागली, चूल फुंकायच्या निमित्ताने.

तिसरा दिवस

लोणारला जायचा विचार मी सोडून दिला. खांदा दुखत होता, आणि खरं सांगायचं तर डोकं सरोवरात लागलं नसतं. निघताना वंदनाने मसाल्याची पिशवी दिली. "हा कमलाबाईच्या हातचा शेवटला," म्हणाली. मी तिचा हात दाबला आणि जीपमध्ये बसले.

बुलढाण्याहून बोथा घाटातून खामगाव. हा रस्ता अभयारण्यातून जातो, सागाची मोठमोठी पानं, मोर दिसतात, मला दोन दिसले. रात्री इथून वाहनं सोडत नाहीत, तेव्हा दिवसाच जा. खामगावहून शेगाव जवळ. शेगावला मंदिरात दर्शन घेतलं. शिस्तीची रांग, पांढऱ्या कपड्यातले सेवेकरी, कुणी ओरडत नाही आणि सगळं हलतं. एरवी मी तिथली स्वच्छता बघून बाहेर पडले असते. या वेळी एका सेवेकऱ्याला विचारलं, "तुमच्यात भांडणं होतात का हो?" तो हसला. "माउली, माणसंच आहोत," म्हणाला आणि रांग पुढे सरकवली.

स्टेशनबाहेर कचोरी खाल्ली. ती गरम आणि लहान असते, एकीने काही होत नाही, चार घ्या. संध्याकाळची गाडी पकडली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मशीन, पुन्हा ब्लाउज. खांद्याचा ओरखडा बरा झाला, त्याच्या जागी थोडे दिवस खाज होती, मग तीही गेली. मसाल्याची पिशवी मी फोडली नाही. फोडायला धीर होईना.

मग एका दुपारी वंदनाचा फोन आला. मागे एवढा गोंधळ की मला वाटलं बाजारातून बोलतेय.

"ताई, यंत्र चालू झालं!"

"आणि कमलाबाई?"

"सकाळी आली. कोणी बलावलं नाही. आली आन कढईपुढं बसली. म्हणे, धने कोणी आणले, हे धने हायेत का भुसा? मी म्हटलं मी आणले. म्हणे, दिसूनच राह्यलं. तवापासून भांडण चालू हाय. ते तिघी बी तिच्याकून बोलून राह्यल्या. ऐका, ऐका!"

तिने फोन बाहेर धरला असावा. यंत्राची धडधड आणि त्यावर चढलेले बायांचे आवाज. कुणाचं काय चाललंय काही कळत नव्हतं, कमलाबाईचा आवाज तेवढा ओळखू आला. वंदना परत फोनवर आली तेव्हा हसत होती की रडत होती, सांगता येणार नाही. "ठेवतो ताई, नाहीतर कमलाबाई धने फेकून देईन," म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मी मशीनपाशी बसले होते. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. ती मला नेहमी आवडते, हौसेने जपलेली आहे मी. त्या दुपारी मात्र मला फार हेवा वाटला त्या बायांचा. मी कसलेही धने आणले असते, तरी माझ्याशी भांडायला कोणी आलं नसतं.